अंगणात काढलेलं वळण

हरिचंद ड्रायव्हरचा तो कागद आमच्या घरी एका दुपारपुरताच आला होता. घड्या पडून पडून मधे विरलेला, आणि त्यावर रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं. निजामाचं राज्य, म्हणून चित्रांखाली उर्दूत नावं. मला उर्दू येत नव्हती, आणि आमच्या ह्यांना तर कुठलंच अक्षर येत नव्हतं. हरिचंदभाऊ ओट्यावर बसून एकेका चित्रावर बोट ठेवून नाव सांगत गेले. मी दाराआड तान्ह्या पेमाला पाजत ती चित्रं डोळ्यांत भरून घेत राहिले.

हे जिनिंगच्या लॉरीवर क्लीनर होते. मालकानं ह्यांना सांगितलं होतं, कापसाचा हंगाम लागायच्या आत लायसन आणलं तर लॉरी रामकिशनची, नाही तर वाशिमहून ड्रायव्हर बोलावू. लायसन नाही म्हणजे हिंगोली सोडून सेनगावकडं, दिराच्या शेतात सालगड्यासारखं राहायला जायचं. गाडी ह्यांना हाकता येत होती. अडलं होतं ते पाट्यांवर. परभणीला साहेब चित्रं पुढं मांडतो आणि एक चुकलं तरी परत पाठवतो, असं हरिचंदभाऊ म्हणाले आणि कागदाची घडी घालून घेऊन गेले.

लढाईची सालं होती, कोरा कागद मिळायचा नाही. वाशिमला माहेरी चौथीपर्यंत शिकले होते, पण माझा हात खरा बसला होता तो रांगोळीला. मी ठरवलं, रोज सकाळी दारात गोपद्म काढते तिथं एक पाटी काढायची. ह्यांनी तिचं नाव सांगायचं, मगच कामाला जायचं.

आमचं घर हिंगोलीच्या बाहेर, कळमनुरीच्या रस्त्याला लागून. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं परसदार, आणि तिथून उतार थेट कयाधूपर्यंत. पुढं वस्ती नाही. रस्ता वळण घेऊन नदीच्या फरशीवर, पाण्यालगतच्या बुटक्या पुलावर, उतरतो. सडा टाकायला मी उजाडायच्या आत उठायची. पेमा झोळीत गाढ असायची. मुठी गालाशी, ओठांवर दूध सुकलेलं. ती उठेपर्यंतचा तेवढा वेळ माझा एकटीचा.

पहिल्या दिवशी डाव्या हाताचं वळण काढलं. वर गेरूचा त्रिकोण, खाली रांगोळीची जाड रेघ. रेघ रस्त्याकडून निघाली आणि घराकडं वळली. दारात पावलं काढायची ती आत येणारी काढतात, बाहेर जाणारी कोणी काढत नाही. माझ्या हाताला दुसरी दिशा ठाऊकच नव्हती.

हे भाकरी बांधून निघाले, तशी मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"हे काय हाय सांगा. मग पाय टाका."

"विळा."

"विळा काहून काढीन मी? वळण हाय. डाव्या हाताचं."

"मग डाव्या हाताचा विळा."

सासूबाई, म्हणजे गोजरबाई, ओट्यावर पेमाला तेल चोळत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "गोपद्म काढायचं सोडून दारात विळे-कोयते काढून राहिली. सरकारनं तुलाच नेमलं काय गं रस्ते आखायला?"

"आई, तिला बोलू नको. साहेबानं नापास केलं तर तुझ्याच मांडीवर येऊन बसन मी."

"बस की. तुझ्यापरीस पेमी हलकी हाय."

दुसऱ्या दिवशी शेणाची बादली घेऊन बाहेर आले, तर अंगणात चाकोरी उमटली होती.

एकच. बैलगाडीच्या दोन असतात. ही तळहाताएवढी रुंद होती आणि वरवंटा फिरवल्यासारखी गुळगुळीत. बाजूला बैलाचा खूर नाही, माणसाचं पाऊल नाही. ती रस्त्यावरून आली होती आणि माझ्या रेघेवरून, रेघ वळली तिथंच वळून, उंबऱ्याशी थांबली होती. परत गेल्याची खूण नव्हती. रांगोळी विस्कटली नव्हती. ती ओल्या मातीत दाबली गेली होती, मेणात बसावी तशी.

मी बसून बोटं लावून पाहिलं. सायकलचं चाक एवढं रुंद नसतं. ढकलगाडी म्हणावी तर ढकलणाऱ्याचे पाय कुठं? श्रावण चालू होता, माती भिजलेली. त्या मातीत कोंबडी गेली तरी दिसायची. मी वरून सडा टाकला, चाकोरी मिटवली, आणि कुणाला काही बोलले नाही. लहान लेकरू घरात असलं की बाई नको त्या गोष्टीला नाव देत नाही.

त्या दिवशी नागमोडी रस्त्याची पाटी काढली. ह्यांनी "साप" म्हणून सांगितलं आणि आत्याबाईंच्या शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या पहाटे चाकोरी नागमोडी आली. माझा हात एका ठिकाणी चुकून रेघ जरा फुगली होती. तिथं चाकोरीही फुगली होती.

मग मी तिचा आवाज ऐकला.

पहाटेच होती, दार अजून उघडलं नव्हतं. जात्यात दाणा नसताना ते ओढलं तर निघतो, तसा आवाज. दगडावर दगड. आमचं जातं माझ्या पायाशी गप्प होतं, वर पेमाच्या दुपट्याची घडी ठेवलेली. आवाज रस्त्यानं आला, अंगणात शिरला, दारापर्यंत आला आणि थांबला. झोळीत पेमाची चुळबुळ झाली. मी हात आत घालून तिची छाती दाबून धरली. तिचं काळीज चिमणीसारखं उडत होतं. माझं त्याहून.

उजाडल्यावर मी मनाशी म्हटलं, शाले, चौथी शिकलीस ना, पडताळून बघ. त्या दिवशी उजव्या हाताचं वळण काढलं. दारापासून दूर, अंगणाच्या कडेला निंब होता, त्या बाजूला. दुसऱ्या पहाटे चाकोरी निंबाकडं गेली होती. बुंध्याची साल माझ्या गुडघ्याच्या उंचीवर सोलून निघाली होती आणि खाली भुगा पडला होता.

तेव्हा मी ह्यांना सांगितलं. हे हसले. म्हणाले, "बरं झालं की. माझ्याआधी तोच पास होईन."

मी त्यांना हाताला धरून निंबापाशी नेलं.

हे उकिडवे बसले, चाकोरीवर तळहात फिरवला. चाकांवर दिवस जायचे त्यांचे. टायरच्या ठशावरून कुणाची गाडी गेली ते सांगायचे.

"चाकाला जोड असतो शालू. लाकडी असो की रबरी असो. फिरता फिरता जोडाची खूण मातीत पडतीच." बोट फिरवत ते निंबापर्यंत गेले. "ह्याला जोडच न्हाई."

"मग काय हाय?"

"ठाव न्हाई. पण लई वजन हाय ह्याला." उठले आणि हात धोतराला पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. "उद्यापासून काढू नको काही."

मी काढलं नाही. नुसता सडा टाकला, चिमूटभर रांगोळी उंबऱ्यावर सोडली आणि दिवसभर हलक्या मनानं कामं केली. रात्री दाराला कडी घातली, वर आडणा लावला. दोन्ही दारांना.

पहाटे उठले. पायाखाली जमीन गार आणि विचित्र गुळगुळीत लागली. दिवा लावला.

सारवलेल्या जमिनीवर चाकोरी होती. पुढच्या दारातून आत, चुलीला वळसा, कणगीला वळसा, आत्याबाईंच्या उशाजवळून, आणि मग झोळीखाली. झोळीखाली ती फिरली होती. एकावर एक, एकावर एक, इतकी की सारवण उडून खालची पांढरी माती वर आली होती.

कडी लागलेली होती. आडणाही.

मी पेमाला उचललं, पदराखाली घेतलं, तिचं डोकं हुंगलं. वेखंडाचा वास, दुधाचा वास. ती जागी होती. रडत नव्हती. खाली जमिनीकडं बघत होती.

बाहेर तर घराभोवती चाकोऱ्याच चाकोऱ्या होत्या. हे दारात उभे राहून पाहत होते, तोंड उतरलेलं.

"पाटी नसली की डायवर अंदाजानं हाकतो," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "त्या कागदावर एक गोल होता. लाल, मधी पोकळ. ते काय म्हणले होते हरिचंदभाऊ?"

"प्रवेश बंद."

"तेच. कोनत्याच गाडीला आत येता येत न्हाई. काढ. रस्त्यापाशीच काढ, मोठा."

एवढ्या पाट्यांत ही पहिली त्यांची त्यांना आठवली होती.

भरपूर गेरू कालवून मी अंगणाच्या तोंडाशी गोल काढला. आत्याबाईंना वाटलं, परीक्षेचंच काही असेल. जमिनीवरचं पाहून त्या म्हणाल्या, "घूस शिरली वाटतं, सारवून घे," आणि मी सारवून घेतलं.

गोल लागू पडला. पहाटे चाकोरी रस्त्यावरून आली आणि गोलाच्या कडेला थांबली. एक बोटभरही आत नाही. मी रोज सडा टाकताना गोलाची जागा सोडायची आणि गेरूची रेघ वरून उजळायची. उरलेल्या पाट्या मग राखेत काढून घोकून घेतल्या, चुलीपुढं, आणि लगेच पुसल्या. ह्यांना सगळ्या यायला लागल्या. फक्त गोलाच्या पलीकडं रस्त्याच्या कडेची माती दिवसेंदिवस खचत होती. जे येत होतं ते येऊन तिथंच उभं राहत असावं.

परीक्षेचा दिवस नेमका महालक्ष्म्या बसायच्या दिवशी आला. आत्याबाई आदल्या रात्रीपासून धुसफुसत होत्या. "घरात सोन्याच्या पायानं लक्ष्मी येणार न् घरचा मानूस परभणीला चित्रं वळखाया चालला."

हे पहाटेच्या गाडीनं निघाले. पूर्णेला बदलून परभणी. जाताना पेमाच्या तळव्याचा मुका घेतला आणि मला हळूच म्हणाले, "गोल मिटू देऊ नको."

"न्हाई मिटू देत."

दुपार कलल्यावर आत्याबाईंनी मला आघाडा, केणा आणि दूर्वा आणायला बांधाकडं पाठवलं. पेमा दूध पिऊन झोळीत निजली होती. "जा बिनघोर," त्या म्हणाल्या, "मी हाय." मला यायला थोडा उशीर झाला, केणा मिळेना. परत आले तेव्हा दिवस बुडत होता.

अंगण लख्ख सारवलेलं होतं. कडेपासून कडेपर्यंत, नवंकोरं. सणाला आदल्या दिवसाची रांगोळी कोणी ठेवतं का? आत्याबाईंनी गोल धुऊन काढला होता, आणि त्याच जागेपासून, अगदी रस्त्यापासून, पावलं उठवली होती. महालक्ष्मीची पावलं. मूठ चुन्यात बुडवून टेकायची की तळवा होतो, वर पाच बोटं टिपली की पाऊल. डावं, उजवं, डावं, उजवं. सगळी आत जाणारी.

हातातला आघाडा गळून पडला. मी पावलांच्या कडेकडेनं धावत आत गेले. पावलं उंबरा ओलांडून आत आली होती. चुलीकडं गेली नव्हती. कणगीकडं गेली नव्हती. सरळ झोळीखाली गेली होती, आणि तिथून पुढं मखराकडं.

"लेकराला पहिलं भेटू दे म्हटलं," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या. मखरापुढं बसून त्या मुखवट्यांना काजळ लावत होत्या. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी कान दिला.

"काय गं," त्या म्हणाल्या, "सणाच्या दिवशी कोन दळून राहिलं?"

मी झोळीतून पेमाला उचललं. ती झोपेनं जड होती. एका हातानं तिला छातीशी धरत मी खाली बसले आणि पदरानं पाऊल पुसायला गेले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. काजळाची बोटं माझ्या कातडीवर उमटली.

"महालक्ष्मीची पावलं पुसतीस? आजच्या दिवशी?"

"आत्याबाई, सोडा. ती न्हाई येऊन राहिली."

"मग कोन येऊन राहिलं?"

त्यांनी हात सोडला नाही.

आवाज अंगणात होता. दारातून मला पावलं दिसत होती. पहिलं पाऊल सपाट झालं. मग दुसरं. चुना मातीत बसत गेला, पांढऱ्याची करडी पट्टी होत गेली. वर काही नव्हतं. संध्याकाळचा उजेड तेवढा तिथं जरा दाबल्यासारखा दिसत होता.

उंबऱ्यावरचं पाऊल गेलं. लाकूड करकरलं.

आत्याबाईंनी माझा हात सोडला.

पुसायला वेळ नव्हता. रांगोळीचा डबा मखरापाशी होता. मी मूठ भरली आणि झोळीच्या अलीकडं, पावलांना छेदून, जाड रेघ ओढली. उजव्या हाताचं वळण. परसदाराकडं. त्रिकोणाला गेरू हाताशी नव्हता. कुंकवाची कोयरी उपडी केली आणि बोटानं तीन बाजू ओढल्या. तिसरी बाजू जुळते न जुळते तोच आवाज माझ्या गुडघ्याशी आला.

थांबला.

दगड फिरायचा थांबला की जात्याच्या पोटात थोडा वेळ घुमतं, तसं घुमत राहिलं.

रिकामी झोळी हलली. तिचं कापड खाली ओढलं गेलं, हळूहळू, आत कुणी काही ठेवतं आहे किंवा चाचपतं आहे असं. वरची दोरी ताणली. आढ्यातून माती पडली.

मी पेमाचं तोंड छातीशी दाबून धरलं होतं. ती आवाज न करता दूध प्यायला लागली.

झोळी वर आली.

रांगोळीची रेघ दबली. आधी माझ्याजवळची. मग वळणावरची. मग पुढची, परसदाराकडची. दार उघडं होतं. आवाज बाहेर गेला, उतारावर लागला, कयाधूकडं लांब लांब गेला, आणि नदीच्या पाण्यात विरला.

आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "भेटून गेली गं लेकराला," त्या पुटपुटल्या. त्या रात्री आम्ही दोघींनी दिवा विझवला नाही. त्यानंतर त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत, आणि झोळी सोडून तिचं कापड त्यांनीच चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणाच्या तोंडाशी गोल काढला आणि परसदारीही काढला. पहाटे उठून पाहिलं. कुठंच काही नव्हतं. त्याच्या पुढच्या पहाटेही नव्हतं. नुसती ओली, कोरी माती. ती पाहून मी उंबऱ्यात बसून रडले.

हे आले ते लायसन छातीशी धरून. "एकबी चुकली न्हाई! साहेब म्हनला, कुठल्या शाळेत शिकला? मी म्हनलं, घरच्या." मी जे घडलं ते सांगितलं. त्यांनी पेमाला मांडीवर घेतलं, हातपाय चाचपून पाहिले, मग म्हणाले, "गेलं ना परसदारातून? बास. आता नाव काढू नको."

मालकानं शब्द पाळला. दोन दिवसांनी तिसऱ्या प्रहरी लॉरी आमच्या दारात उभी राहिली. हे खाली उतरले, आत्याबाईंनी चाकावर नारळ फोडला, बॉनेटवर हळदकुंकू लावलं. गोल मिटू नये म्हणून ह्यांनी गाडी अंगणाबाहेर, रस्त्यावरच लावली होती. पेमाला उचलून ते परत वर चढले आणि तिला आपल्या मांडीवर, गाडी वळवायच्या चक्रामागं बसवलं. ती दोन्ही हातांनी चक्र धरून हसायला लागली. दात नसलेलं हसू.

"चल, फरशीपोतर जाऊन येऊ," ह्यांनी हाक मारली. "बस लवकर. माय-लेकी दोघींना फिरवतो."

मी गाडीच्या मागून वळसा घालून येत होते. गाडी हिंगोलीहून आली त्या ओल्या रस्त्यावर तिच्या चाकांचे दोन पट्टे होते, नक्षीदार, आणि त्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे तिसरा होता. तळहाताएवढा. गुळगुळीत. तो गाडीच्या मागं येऊन थांबला होता.

मी पुढं धावले तेव्हा ह्यांनी गाडी चालू केली होती. "उतरा," मी म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी हात पुढं केला आणि मला वर ओढलं. पेमा तिथं होती. मी चढले. तिला त्यांच्या मांडीवरून घेऊन पदरात घट्ट गुंडाळलं.

गाडी निघाली. हे खुशीत एकेक पाटी मोठ्यानं म्हणून दाखवत होते. फरशीच्या अलीकडं ती खरी पाटी आली, लाल त्रिकोण, खाली काळी वळलेली रेघ. "डाव्या हाताचं वळण," हे म्हणाले आणि शहाण्या ड्रायव्हरसारखी त्यांनी गाडी हळू केली.

आणि आमच्या मागं, थोडंसं उशिरानं, आणखी काहीतरी हळू झालं.